पहिली चूक आधी वाचा

मुक्त सॉफ्टवेअर मूळ संहितेतून बांधताना पडद्यावर चुकांच्या शंभर ओळी आल्या, की आपले होतकरू तरुण हात टेकतात आणि दुकानदाराला बाहेरच्या माणसाला पैसे मोजावे लागतात. आमचे सांगणे एवढेच : शेवटची नव्हे, पहिली चूक वाचा, बाकीच्या बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. ‘झेडलिब डॉट एच’ सापडत नसेल, तर लायब्ररी असली तरी तिची हेडर फाइल नाही, असे समजा. डेबियनवर नावापुढे ‘डेव्ह’, फेडोरावर ‘डेव्हेल’ असलेले पॅकेज घाला आणि ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवा. जुना सी प्रोग्रॅम ‘मल्टिपल डेफिनिशन’वर अडला, तर २०२० च्या जीसीसी १० ने बदललेला नियम तपासा; ‘एफकॉमन’ पर्याय देऊन पाहा. उपाय सापडला, की वहीत टिपून ठेवा. पुढच्या खेपेस दिवस वाचेल.