स्वमग्नता : दीड-दोन वर्षांत दिसणाऱ्या खुणा

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे मेंदूच्या जडणघडणीतले वेगळेपण आहे. रक्ततपासणी किंवा स्कॅन करून त्याचे निदान होत नाही. मुलाचे वागणे, खेळणे आणि संवाद पाहूनच ते करावे लागते. सुरुवातीच्या खुणा नजरेतून निसटतात, कारण खटकण्याजोगे काही घडण्यापेक्षा त्या वयात घडायला हवे ते न घडणे हीच बहुधा पहिली खूण असते.

साधारण ९ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारली की वळून पाहते. वर्षाच्या सुमारास ते टाटा करते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते. दीड वर्षापर्यंत बोट दाखवण्याचा आणखी एक प्रकार येतो. आकाशातल्या विमानाकडे बोट करून मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याला विमान नको असते, तिनेही ते पाहावे एवढेच हवे असते. मोठ्यांची नजर जिकडे जाते तिकडे पाहत मूल शब्द आणि वस्तू यांची सांगड घालते; म्हणून भाषेचा पाया या सामायिक लक्षावर उभा राहतो. स्वमग्न मुलांत ते उशिरा येते किंवा कमी दिसते. काही मुले बोट न दाखवता मोठ्यांचा हात धरून वस्तूपर्यंत नेतात.

हात फडफडवणे, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, वस्तू पुन्हा पुन्हा रांगेत लावणे, मिक्सरचा आवाज असह्य होणे, याही खुणा आहेत. मात्र एखाद्याच खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही. काही मुलांत १५ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आलेले शब्दही नाहीसे होतात. असे झाल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीपायी मोलाचे महिने वाया जातात. लसीकरणाशी स्वमग्नतेचा संबंध नाही. तो असल्याचा दावा करणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला.

शंका आल्यास आधी श्रवणतपासणी करावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही पालकांनी भरायची २० प्रश्नांची चाळणी वापरतात. तिच्यातून निदान होत नाही, पुढच्या तपासणीची गरज कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशी तपासणी होते. अंतिम निदानाची वाट न पाहता वाचा-उपचार आणि खेळातून संवादाचा सराव सुरू करता येतो.