भाताचा गुन्हा

महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा माओवादी प्रवक्ता अनंत आणि त्याचे १० साथीदार २८ नोव्हेंबर २०२५ ला गोंदियात शरण आले. शरणागतांच्या पुनर्वसनाची चर्चा सुरू झाली. सालेकसा, देवरीच्या जंगलकाठच्या गावांनी दलमला, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, वर्षानुवर्षं जेवू घातलं, त्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

गोंदिया धानाचा जिल्हा. दलमकडे ना बांधी, ना कोठार. रात्री कुत्री भुंकायची, दार वाजायचं आणि पंधरा-वीस जणांचा भात चुलीवर चढायचा. काहींनी मनापासून वाढलं, हे खरंच. पण दारात बंदूक असताना कुणाचा होकार मनातला, कुणाचा भीतीचा, हे कसं ओळखायचं? नकार दिला की खबऱ्याचा संशय, आणि त्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत.

रयतेकडून सक्तीने घेतलं तर काय होतं, हे शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलंय. शिपाई कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी नेऊ लागले, तर लोकांना मोगल बरे वाटतील. माओच्या फौजेचाही नियम होता, जनतेचा सुई-दोरासुद्धा घ्यायचा नाही.

सकाळी पोलीस यायचे. कायद्याच्या भाषेत ‘आश्रय देणं’ म्हणजे नुसतं लपवणं नाही. जुन्या दंड संहितेच्या आणि आताच्या न्याय संहितेच्या व्याख्येत अन्न-पाणी पुरवणंही त्यातच येतं. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १९ मध्ये दहशतवाद्याला आश्रय देण्याची शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल जन्मठेप. त्यात ‘स्वेच्छेने’ हा शब्द आहे, हाच काय तो दिलासा. धाकाखाली केलेल्या कृत्याला माफी देणारं जुन्या संहितेचं कलम ९४, आता न्याय संहितेचं ३२. पण तिथे भीती हवी तत्काळ मृत्यूची. गावकऱ्याची भीती पुढच्या आठवड्याची असते. दलम परत येईल, ही. ती कायद्यात बसत नाही, आणि हा सरळसरळ अन्याय आहे.

राज्याने २००३ पासून माओवाद्यांना गावबंदीचे ठराव करणाऱ्या गावांना विकासनिधी दिला. ठराव दिवसा, ग्रामसभेत. रात्री दारामागे घरातली माणसं एकटीच.

शरणागतांचं पुनर्वसन व्हावंच. त्याबरोबर, निव्वळ जेवण दिल्यावरून ज्यांच्यावर खटले असतील, त्यांची प्रकरणं सरकारने पुन्हा उघडून पाहावीत. आणि तपासात पहिला प्रश्न हा असावा की त्या रात्री त्या घराला नाही म्हणता येत होतं का.