मातीतलं धन (भाग ६) : मुळांवरच्या गाठी आणि उकिरड्यातलं खत

मागच्या आठवड्यात आपण माती परीक्षणाच्या अहवालातला सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहिला. संभाजीनगर-जालना पट्ट्यातल्या अनेक शेतांत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच असतो. आपल्या तूर-हरभऱ्याचं बरंचसं भवितव्य या आकड्यात आहे.

कडधान्याला हवेतला नत्र मिळतो, पण तो घेणारे असतात रायझोबियम जिवाणू. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये मुळांच्या गाठींतून ते वेगळे करून दाखवले. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. हा व्यवहार चालू आहे की नाही, हे बांधावरच कळतं. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुऊन एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर काम जोरात आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसतीच गाठ आहे.

बियाण्याला रायझोबियमचं पाकीट लावूनही गाठी पांढऱ्या का राहतात? नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद असतो, पण चुन्याला बांधलेला. तो सोडवतात स्फुरद विरघळवणारे जिवाणू, स्वतः सोडलेल्या सेंद्रिय आम्लांनी. या जिवाणूंना जगायला अन्न लागतं, आणि ते येतं सेंद्रिय कर्बातून, म्हणजे शेणखतातून.

शेणखताचा हिशेब इथेच चुकतो. टनामागे त्यात जेमतेम पाच किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो. असा ताळा मांडला की शेणखत तोट्याचंच वाटणार! पण हेक्टरी पाच टन शेणखत टाकतो ते जिवाणूंच्या पोटासाठी, ओल धरण्यासाठी आणि काळ्या मातीत हवा खेळण्यासाठी. उलट पेरणीला युरिया जास्त पडला की झाडाला आयता नत्र मिळतो आणि गाठीच कमी धरतात. तुरीला हेक्टरी अवघ्या २५ किलो नत्राची शिफारस आहे ती त्यामुळेच.

साचलेलं पाणीही गाठींना गुदमरवतं. भारी जमिनीत रुंद वरंबा सरीवर पेरलेलं सोयाबीन म्हणूनच जास्त पावसात तग धरतं.

बदनापूरच्या संशोधन केंद्राचं तुरीचं बीडीएन ७११ वाण मिळावं म्हणून आपण धडपडतो, ते योग्यच आहे. तेवढीच धडपड जिवाणू संवर्धकासाठी दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. द्रवरूप रायझोबियम किलोभर बियाण्याला १० मिली लागतं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सर्वांत शेवटी. बी सावलीत सुकवून लगेच पेरा. सोयाबीनचं संवर्धक तुरीला चालत नाही, तेव्हा घेताना पिकाचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही वाचा.

राहिला प्रश्न शेणखताचा. जनावरं घटली, आणि आहे ते शेण उन्हातल्या उघड्या उकिरड्यावर पडून नत्र गमावतं. तो उकिरडा सावलीत, खड्ड्यात आणि ओलसर कसा ठेवायचा, ते पुढच्या भागात.