साखरपुड्याच्या अंगठीत रंगीत खडा

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी याद्या निघतात. शालू, मानपानाच्या साड्या, केळवणे, आचारी, हॉल. त्या यादीत ‘अंगठी’ हा एकच शब्द असतो आणि तो लिहिताना कुणी फारसे अडखळत नाही. अडखळायला होते ते सराफाच्या पेढीवर. सोन्याचा भाव ऐकून मुलाच्या आईचा चेहरा उतरतो, हिऱ्याचा आकडा ऐकून मुलाचा, आणि जिच्या बोटात ती अंगठी जायची ती मुलगी “मला काहीही चालेल” म्हणून गप्प बसते. मैत्रिणींनो, हे “काहीही चालेल” किती खरे असते ते तुम्ही-आम्ही जाणतोच!

हल्लीच्या पुष्कळ मुलींच्या मनात हिरा नसतोच, त्यांना रंग हवा असतो. १९८१ साली इंग्लंडच्या युवराजांनी डायनाला दिलेली अंगठी आठवते ना? मधोमध १२ कॅरेटचा निळाशार नीलम आणि भोवती १४ हिरे. राजघराण्यातली असूनही ती खास घडवून घेतलेली नव्हती, पेढीच्या तयार मालातून पसंत केलेली होती. तेव्हा काहींनी नाके मुरडली. पण २०१० मध्ये तिच्या थोरल्या मुलाने तीच अंगठी आपल्या वाग्दत्त वधूच्या बोटात घातली. आपल्याला १२ कॅरेट नकोत आणि परवडणारही नाहीत. पण येत्या मोसमात घरात मुलाचा, दिराचा किंवा भाच्याचा साखरपुडा असेल आणि हाताशी पैसे मोजके असतील, तर नीलमाच्या जातीचे रंगीत खडे एकदा पाहाच.

‘नीलमाच्या जातीचे’ असे मुद्दाम म्हटले. नीलम म्हणजे निळा, एवढेच आपल्याला ठाऊक. खरे तर हे कुरुविंद नावाचे खनिज. शुद्ध असले तर ते पाण्यासारखे रंगहीन. त्यात लोह आणि टायटेनियम यांचा किंचित अंश आला की निळे होते, नुसत्या लोहाने पिवळे, क्रोमियमने गुलाबी. क्रोमियम वाढून पुरते लाल झाले की त्यालाच आपण माणिक म्हणतो. म्हणजे माणिक, नीलम, पुष्कराज ही सारी एका आईची लेकरे. (मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. हे ज्ञान आमच्या शास्त्राच्या बाईंचे, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मिळवलेले.)

आपल्या कामाचा गुण म्हणजे याचा कठीणपणा. दहाच्या मोजपट्टीवर हिरा १०, कुरुविंद ९, टोपाझ ८ आणि गारगोटी ७. घरातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते गारगोटीचेच. त्यामुळे सुनेल्यासारखे स्वस्त पिवळे खडे चार-दोन वर्षांच्या वापरात निस्तेज होतात. मोती तर फारच नाजूक, आणि पाचूत जन्मतःच भेगा असतात. भांडी, कणीक, धुणे, शाळेचा खडू, बसचा दांडा या सगळ्यांतून रोज जाणाऱ्या बोटाला हिऱ्याच्या खालोखाल नीलमच टिकतो.

आता घरातला खरा प्रश्न. “नीलम? शनीचा खडा? आणि साखरपुड्याला?” आमच्या धाकट्या दिरांच्या वेळी सासूबाईंचे हे पहिले उद्गार होते. नीलम मानवला तर मानवतो, नाहीतर उलटतो, म्हणून तो आधी उशाखाली ठेवून पाहायचा, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. माझा स्वतःचा यावर विश्वास नाही. पण ज्या घरात मुलगी नांदायला यायची, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची धास्ती तिच्या बोटात घालून तिला आणायची कशाला? म्हणून माझे म्हणणे एवढेच, की हे बोलणे घरी व्हावे, पेढीवर गिऱ्हाइकांच्या देखत नव्हे. आणि त्याआधी मुलीला एकटीला गाठून विचारावे. माझ्या होणाऱ्या जावेला मी फोनवर सरळ विचारले, “निळाच हवा का गं?” ती म्हणाली, “निळाच असं नाही वहिनी, पण पांढरा नको.” मग काम सोपे झाले. तिने पसंत केला तो जांभळट गुलाबी, कोकमाच्या सरबतात जरा जास्तच पाणी पडले की येतो तो रंग. हाही नीलमच, हे आम्ही सासूबाईंपासून लपवले नाही. त्यांनी खडा उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, “शनी गुलाबी कपडे घालत नाही. घ्या!”

पण ज्या मुलीचा जीव खरोखर निळ्यावरच असेल तिच्यासाठी घरच्या मोठ्यांनी थोडे पुढे यावे, असे मला मनापासून वाटते. अंगठी तिला आयुष्यभर पाहायची आहे.

आता पैशांचे. आधी एकूण रक्कम ठरवा आणि ती कागदावर लिहूनच बाहेर पडा. त्यातून सोने, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वजा करा. उरेल ते खड्याचे. उलट केले, म्हणजे आधी खड्यावर जीव जडवला, की हातउसने आलेच म्हणून समजा. खड्याच्या अंगठीला २२ कॅरेटचे सोने मऊ पडते, खडा धरून ठेवायला १८ कॅरेटचे बरे आणि तेवढेच स्वस्तही. ३ ग्रॅमच्या अशा अंगठीत शुद्ध सोने सव्वादोन ग्रॅम असते. आतल्या बाजूला बीआयएसची खूण, ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक बंधनकारक आहे, आणि मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’मध्ये तो घातला की पेढीवर बसल्या बसल्या पडताळता येतो. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे आणि खड्याचे वजन वेगळे लिहून घ्या. अंगठी खड्यासकट तोलली तर खड्याच्या वजनालाही सोन्याचा भाव लागतो, हे ध्यानात ठेवा.

कॅरेट या शब्दानेही घोटाळा होतो. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, खड्याचा वजनाचा. खड्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. पुष्कळ पेढ्या अजून रत्तीत भाव सांगतात आणि रत्ती सगळीकडे एकच नसते. म्हणून “कॅरेटमध्ये किती?” असे विचारायला लाजू नका. नीलम हिऱ्यापेक्षा वजनाला जड, त्यामुळे एक कॅरेटचा नीलम एक कॅरेटच्या हिऱ्याहून डोळ्यांना लहानच दिसतो. गोल असेल तर साधारण सहा मिलिमीटर. आणखी एक गंमत. पुरा एक कॅरेट झाला की दर कॅरेटचा भावच वर उडी मारतो. किंचित कमी, नव्वद सेंटचा खडा बोटावर तेवढाच दिसतो आणि पैसे वाचतात. लांबट अंडाकृती घेतला तर आणखी मोठा वाटतो.

रंगांचे भाव सारखे नसतात. गोकर्णीच्या फुलासारखा भरलेला निळा आणि ठसठशीत गुलाबी महाग. कमळाच्या पाकळीसारखा गुलाबी-केशरी, ज्याचे श्रीलंकेतले नाव आपल्या ‘पद्मराग’ शब्दावरूनच आलेले आहे, त्याच्याकडे आपण वळूनही पाहू नये. फिका जांभळट, हिरवट, मोरपंखी आणि फिका पिवळा हे त्या मानाने आटोक्यातले. पिवळ्याची मात्र आपल्याकडे वेगळी कथा. पुष्कराज गुरूचा खडा म्हणून मागणी मोठी, आणि त्यातही ‘न तापवलेला’ असेल तर भाव चढा. ज्यांना ग्रहासाठी घ्यायचा त्यांनी तो वेगळा घ्यावा, तर्जनीत घालावा. साखरपुड्याच्या अंगठीला या अटीची गरजच नाही.

तापवणे म्हणजे लबाडी नव्हे. बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत दीड हजार अंशांच्याही वर तापवून त्यांचा रंग खुलवलेला असतो. तो रंग कायमचा राहतो. सोने भट्टीतून काढले म्हणून आपण त्याला खोटे म्हणतो का? भाव मात्र तापवलेल्याचाच द्यावा. मोजक्या पैशांत घेणारीने ‘न तापवलेला’ आणि ‘काश्मीरचा’ या दोन शब्दांसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. काश्मीरच्या पाडरच्या खाणी १८८१ च्या सुमारास सापडल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांतला चांगला माल संपत आला. आज आपल्यापर्यंत येणारा खडा बहुधा श्रीलंकेचा, मादागास्करचा नाहीतर थायलंडच्या बाजारातून आलेला असतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

लबाडी असते ती निराळीच. २००० नंतर बेरिलियम हे द्रव्य घालून फिक्या खड्यांना पिवळा-केशरी रंग चढवण्याची युक्ती निघाली. तिच्याहून वाईट म्हणजे भेगाळलेल्या खड्यात शिशाची काच भरणे. आधी हे माणकात झाले, पुढे निळी काच भरलेले नीलमही आले. असा खडा दिसायला टपोरा आणि भाव ऐकून हरखून जावे असा. पण त्या काचेला लिंबाचा रस खातो! कोशिंबिरीवर चार दिवस लिंबू पिळले की खड्यावर पांढुरक्या रेघा उमटू लागतात. अंगठी मोठी करायला सोनाराने फुंकणी लावली तर काच फुगते. आपल्या स्वयंपाकघरात हा खडा टिकायचा नाही.

कारखान्यात बनवलेला नीलमही असतो. ही कृती एका फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हा तो काही आजचा नव्हे. आजीच्या कुड्यांतला ‘नीलम’ त्यातलाच निघू शकतो. तो तितकाच कठीण आणि अगदी स्वस्त. सांगून विकला तर मला त्यात गैर वाटत नाही. न सांगता विकला तर फसवणूक.

हे सगळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला हवाच. अशा प्रयोगशाळा मुंबईला आणि जयपूरला आहेत, सराफ खडा पाठवून दाखला आणून देतात. एका पेढीवर आम्हांला प्लॅस्टिकमध्ये मढवलेले सुबक कार्ड दाखवले. त्यावर ‘नैसर्गिक’ एवढा एकच शब्द आणि खाली त्याच दुकानाचा शिक्का! हा दाखला नव्हे. खऱ्या दाखल्यावर वजन, मापे, खनिजाचे नाव आणि खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे ते लिहिलेले असते. ‘हीटेड’ असेल तर निश्चिंत घ्या. ‘बेरिलियम’ किंवा ‘ग्लास फिल्ड’ दिसले की पर्स मिटा. ‘सिंथेटिक’ म्हणजे कारखान्यातला. पिवळ्याच्या बाबतीत आणखी जपा. कित्येक शब्दकोशांत टोपाझचा अर्थ पुष्कराज असाच दिलेला असतो, पण ते दोन वेगळे खडे आहेत. आपल्याला हव्या असलेल्या खड्याच्या दाखल्यावर ‘सॅफायर’ किंवा ‘कोरंडम’ लिहिलेले असते.

रंग आणि पैलू मात्र आपणच पाहायचे, आणि आपल्याला ते उत्तम जमते. साडी घेताना आपण ती दाराशी नेऊन पाहतो, तसाच खडाही न्यावा. पेढीवरच्या दिव्यांत कोळसाही चमकेल! दाराशी उजेडात पाहा, मग ट्यूबलाइटखाली पाहा, कारण गडद निळे खडे संध्याकाळी शाईसारखे काळे पडतात. थोडा फिका पण जिवंत खडा बरा. मग वर्तमानपत्राच्या मजकुरावर तो चपटी बाजू वर करून ठेवा. मधून अक्षरे सरळ वाचता आली तर पैलू नीट पडलेले नाहीत, उजेड खालून गळतो आहे, आणि बोटावर त्या जागी भोकासारखे दिसेल. बाजूने धरून पोटही पाहा. वजन राखण्यासाठी पुष्कळ खड्यांचे पोट सुटलेले ठेवतात. ते पोट कोंदणात लपते आणि त्याचे पैसे आपण देतो. आत बारीक रेशमासारखे तंतू दिसले तर घाबरू नये. हातभर अंतरावरून डाग दिसत नसेल तर पुरे.

मनासारखा रंग आपल्या गावात पहिल्याच दिवशी मिळेल असे नाही. आमच्याकडे कोल्हापूरच्या गुजरीत निळे आणि पिवळे पुष्कळ, गुलाबी मात्र मुंबईहून मागवावे लागले. पंधरा दिवस हाताशी ठेवा. आणि एक गोष्ट आधीच विचारा: परत द्यायची वेळ आली तर खड्याचे किती मिळतील? सोन्याचे पैसे परत येतात, रंगीत खड्याचे सहसा नाहीत. जे काही कबूल करतील ते पावतीवर लिहून घ्या.

कोंदण शक्यतो बंद काठाचे घ्यावे, सभोवती सोन्याची कड असलेले. उंच नख्यांत धरलेला खडा दिसतो छान, पण साडीच्या जरीत अडकतो आणि नख्यांच्या मुळाशी कणीक साचते. माप संध्याकाळी द्या, सकाळी बोटे बारीक असतात.

अंगठी मळली की कोमट पाणी, शिकेकाई किंवा साधा साबण आणि जुना मऊ टूथब्रश, एवढे पुरते. ब्रश खालच्या बाजूने फिरवा, मळ तिथेच बसतो. ठेवताना मोत्यांच्या डबीत ठेवू नका, मोत्यांवर चरे पडतील. आणि धुवायची ती वाडग्यात, नळाखाली नव्हे. ते पाणी ओतण्याआधी अंगठी बोटात परत आली आहे ना, ते एकदा पाहून घ्या.