पहिला दचका आणि त्यानंतरचे क्षण

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’चा ठराव संमत होताच काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पकडले गेले आणि त्यांच्यापैकी अनेकांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरूंनी तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच बंदिवासात दम्याने त्रस्त असलेले आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे फ्रेंचवरून हिंदीत भाषांतर करीत होते, ही गोष्ट मात्र खुद्द नगरकरांच्याही फारशी कानावर आलेली नसते.

अभिधर्म हे मनाचे सूक्ष्म शास्त्र आहे. मन ही एक अखंड वस्तू नसून क्षणांचा प्रवाह आहे, असे ते मानते. विषयाशी संपर्क होतो तो स्पर्श. स्पर्शातून वेदना उपजते आणि वेदनेमागून तिला चिकटून राहणारी आसक्ती किंवा द्वेष. संयुत्तनिकायात यासाठी दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला दुःख होते तो पहिला बाण. त्या दुःखावर मन जो आक्रोश करते तो दुसरा. पहिला बाण ज्ञानी पुरुषालाही लागतो. दुसरा त्याला लागत नाही.

या दोन बाणांमधले अंतर यंत्राने मोजता येईल, असे त्या किल्ल्यात कोणाच्या मनातही आले नसेल. तसा एक प्रयत्न हाँगकाँगमधील संशोधकांनी केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमिताभ बुद्धाच्या नामजपाचा किमान एक वर्षाचा सराव असलेल्या एकवीस व्यक्ती त्यांनी निवडल्या. हा जप चीन-जपानकडील सुखावती संप्रदायाची प्रमुख उपासना होय. आपल्या जिल्ह्यातील विहारांत म्हटल्या जाणाऱ्या पाली वंदनेपेक्षा तिचे स्वरूप वेगळे आहे. एकच नाम पुन्हा पुन्हा घेण्याची ही रीत वारकऱ्यांच्या नामस्मरणाला अधिक जवळची वाटते.

या व्यक्तींच्या डोक्यावर विद्युत्-लहरी टिपणारी उपकरणे बसवून त्यांना काही साधी आणि काही भीती व ताण उत्पन्न करणारी चित्रे दाखविण्यात आली. एकदा अमिताभाचे नाम घेत असताना, एकदा काहीच न म्हणता आणि एकदा चक्क ‘सांताक्लॉज’ हे नाव घेत असताना. हे शेवटचे नाव थट्टेने निवडलेले नव्हते. नुसत्या पुनरुक्तीने किंवा लक्ष दुसरीकडे गुंतल्याने मन शांत होत असेल, तर सांताक्लॉजच्या नावानेही व्हावयास हवे, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

भयानक चित्र समोर आल्यावर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मेंदूत एक लहर उमटते. ही प्रारंभिक दखल होय. ती तिन्ही वेळा उमटली. जपाने ती पुसली नाही. त्यानंतर, सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापासून पुढे, दुसरी लहर येते. पाहिलेल्या दृश्याला मन किती महत्त्व देते, त्यात किती गुंतून राहते, याचे ते चिन्ह समजले जाते. काहीच न म्हणता आणि सांताक्लॉज म्हणतानाही भयचित्रांसाठी ही लहर साध्या चित्रांपेक्षा मोठी राहिली. अमिताभाचे नाम घेताना मात्र तो फरक जवळजवळ मावळला.

दचका तसाच राहिला. त्याच्यामागून येणारे गुरफटणे ओसरले.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील एक अभ्यास याच्याशी जुळतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बारा निरोगी व्यक्तींच्या मेंदूची चित्रे ॐकार म्हणताना घेण्यात आली, तेव्हा भावना व भय यांच्याशी निगडित भागांचे कार्य मंदावलेले दिसले. तुलनेसाठी नुसता ‘स्स्स्’ असा आवाज करावयास सांगितले, तेव्हा तसे घडले नाही.

श्वासाचा भाग वेगळा, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. इटलीतील लुचानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना असो वा बौद्धांचा ‘मणिपद्म’ मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदय व रक्तदाब यांच्यातील समतोल राखणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. येथे आपल्या काउसग्गाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंपरेत त्याचे माप श्वासोच्छ्वासांतच सांगितले आहे: एका नवकारास आठ, एका लोगस्सास पंचवीस. चार लोगस्सांचा काउसग्ग म्हणजे शंभर श्वासोच्छ्वास. मिनिटाला सहाच्या गतीने त्यास सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. आपण तो किती मिनिटांत उरकतो, हे ज्याचे त्याने घड्याळात पाहावे.

या संशोधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. एकवीस ही संख्या लहान आहे. पडद्यावरचे चित्र म्हणजे घरावर कोसळलेले संकट नव्हे. शिवाय त्या सर्वांची अमिताभावर आधीपासूनच श्रद्धा होती. प्रभाव सरावाचा किती आणि श्रद्धेचा किती, याची फोड या प्रयोगातून होत नाही. रक्तदाबाची गोळी किंवा मनोविकारतज्ज्ञांचा उपचार थांबवून माळ हाती घ्यावी, असे तर त्यातून मुळीच निघत नाही.

एक गोष्ट मात्र निघते. ते नाम त्यांना प्रयोगाच्या दिवशी शिकविलेले नव्हते. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आषाढी पौर्णिमेपासून स्थानकांत चातुर्मास आणि बुद्धविहारांत वर्षावास एकाच वेळी सुरू होतात. पावसाच्या त्या महिन्यांत, काहीही बिघडलेले नसताना, वंदना आणि जप रोज घडत असतात. शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभे राहून प्रथमच माळ ओढणाऱ्याला आणि अशी अनेक वर्षे गेलेल्या आजीबाईंना एकाच नामाचा सारखाच उपयोग होईल, असे समजण्यास या प्रयोगात आधार नाही. तशा वेळी त्या आजीबाईंच्याही छातीत धडधड होतेच. म्हणून आपला जप वाया गेला, असे त्यांनी मानण्याचे कारण नाही. त्या एकवीस जणांनाही पहिला दचका चुकला नव्हता.