पेशी रंगाने उत्तर देतात

उन्हाळा आला की ठाणे-कल्याण-डोंबिवलीत डंकीसमोर मिरची-हळदीच्या पिशव्यांची रांग लागते. पिढ्यानपिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या हळदीची सुरक्षितता आता कशाला तपासायची? हळद आणि हळदीचा अर्क यांत फार मोठं अंतर आहे, म्हणून. हळकुंडात कुरकुमिन जेमतेम २ ते ५ टक्के असतं. कॅप्सूलमधल्या अर्कात ते ९५ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं. एवढं तीव्र द्रव्य माणसाला देण्याआधी माणसाच्या पेशींना देऊन पाहतात.

या पेशी देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवणारा मोठा साठा आपल्या पुण्यात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठलेल्या पेशी ३७ अंशांच्या उबेत आणल्या की पुन्हा वाढू लागतात!

पुढचा प्रयोग पाहण्यासारखा असतो. तळहातावर मावेल अशा प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ९६ खळगे. प्रत्येकात हजारो पेशी, आणि ओळीओळीने वाढत जाणारी अर्काची मात्रा. एक-दोन दिवसांनी त्यात एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशींतली विकरं त्याचे गडद जांभळे, सुईसारखे स्फटिक बनवतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. स्फटिक विरघळवून यंत्राने रंग मोजला, की कोणत्या मात्रेला किती पेशी तगल्या ते कळतं.

मात्र वनस्पतींतली काही द्रव्यं पेशी नसतानाही हा रंग पालटवतात. म्हणून काही खळग्यांत नुसता अर्क ठेवतात. काहींत पेशींना अर्काविना फक्त त्याचं द्रावक देतात, म्हणजे पेशी मेल्या तर दोष अर्काचा की द्रावकाचा, तेही उमगतं.

एवढं करूनही ही फक्त पहिली चाळणी. शरीरात आतडं आहे, यकृत आहे, आणि सोबतीला इतर मसालेही. १९९८मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतल्या पायपरिनची जोड मिळाली की माणसाच्या रक्तात पोचणारं कुरकुमिन तब्बल २० पटींनी वाढतं. अलीकडे हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद अमेरिका आणि इटलीत झाली. त्यातल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता.

तेव्हा वरणातली हळद निर्धास्त खा. हळदीची गोळी मात्र औषध समजा आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या.