अभ्यासदौऱ्यात आगगाडी व विमान यांची सांगड

शेतकरी बंधूंचे अभ्यासदौरे आता केवळ शेजारच्या तालुक्यापुरते राहिलेले नाहीत. कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेमार्फत, म्हणजेच ‘आत्मा’मार्फत, राज्याबाहेरील दौरेही आखले जातात. काही दूध उत्पादक व बागायतदार गट तर स्वखर्चाने दूरच्या संशोधन संस्था पाहून येतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीने दौऱ्याचा खरा खर्च केवळ प्रवासभाड्याचा नसतो. गोठ्यात दुभती जनावरे असणाऱ्याचा प्रत्येक गैरहजर दिवस धार, वैरण आणि पाण्याची पाळी या तिन्ही ठिकाणी जाणवतो. म्हणूनच लांबच्या दौऱ्यासाठी विमानाचा विचार पुढे येतो.

परंतु विमान वेगवान आहे, एवढ्यावरून दौऱ्याचे दिवस वाचतातच असे नाही. आगगाडीतून उतरून विमानात बसेपर्यंत आणि विमानातून उतरून पुन्हा आगगाडी गाठेपर्यंत जो काळ जातो, त्यातच बहुधा वाचलेला वेळ खर्ची पडतो. या जागेस प्रस्तुत लेखात आपण ‘सांधा’ म्हणू. जलवाहिनीची गळती जशी बहुधा सांध्यावर होते, तशीच प्रवासातील वेळेची व पैशाची गळतीही येथेच होते. दौऱ्याची आखणी करणाऱ्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा सांधा कसा जुळवावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विमान कोठे उपयोगी, कोठे निरुपयोगी

प्रथम साधा हिशेब मांडू. घरापासून विमानतळापर्यंत १ तास, उड्डाणापूर्वी २ तास, प्रत्यक्ष उड्डाण १ तास, उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि तेथून शहरात जाण्यास १ तास धरला, तर विमानाचा लहानातला लहान प्रवासही साडेपाच तासांचा होतो. आगगाडीसाठी स्थानकावर जाण्यायेण्याचा एक तास वजा केला, तर उरलेल्या साडेचार तासांत ताशी ६५ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ३०० किलोमीटर अंतर तोडते. म्हणजे एवढ्या अंतरापर्यंत विमानाचा काहीही लाभ नाही. मुंबई ते पुणे हा लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे. अशा अंतरासाठी विमानाचा विचारही करू नये.

लहान शहरे विमानमार्गांनी जोडण्यासाठी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आहे. तिच्या अगदी पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड–हैदराबाद या मार्गाचा समावेश होता. अशा आखूड मार्गाचा खरा उपयोग दोन शहरांपुरता नसून पुढील लांब उड्डाणाला जोडून घेण्यात असतो. मात्र या मार्गांवरील सेवा कधी सुरू, कधी खंडित अशा असतात. मागील वर्षीच्या अनुभवावर विसंबून न राहता प्रत्येक दौऱ्याच्या वेळी नव्याने चौकशी करावी.

परदेशांतील पद्धत

जवळच्या अंतरासाठी आगगाडी आणि दूरच्या अंतरासाठी विमान, अशी वाटणी काही देशांनी विचारपूर्वक केली आहे. जर्मनीत लुफ्थान्सा या विमान कंपनीने १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फ ते फ्रँकफुर्ट विमानतळ अशी स्वतःची आगगाडी सुरू केली. तिला विमानाप्रमाणे उड्डाण क्रमांक दिलेला असे. ही गाडी १९९३ मध्ये बंद झाली, पण कल्पना टिकली. १९९९ मध्ये फ्रँकफुर्ट विमानतळालगत लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक उघडले. २००१ पासून श्टुटगार्ट व २००३ पासून कोलोन येथील प्रवाशांना एकाच तिकिटावर आगगाडी व विमान दोन्ही मिळू लागले. कोलोन ते फ्रँकफुर्ट हा वेगवान लोहमार्ग २००२ मध्ये खुला झाला आणि हा प्रवास सुमारे एका तासावर आला. त्यानंतर काही वर्षांतच कंपनीने त्या दोन शहरांमधील आपली उड्डाणे बंद केली.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर वेगवान गाड्यांचे स्थानक १९९४ मध्येच झाले. पुढे तेथे २०२१ मध्ये कायदा करण्यात आला. त्यानुसार अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील उड्डाणे २०२३ मध्ये बंद करण्यात आली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत व लिओन येथे जाणारे ते तीन मार्ग होत.

या पद्धतीतील मर्म वेगात नसून तिकिटात आहे. तिकीट एकच असल्यामुळे आगगाडीस उशीर होऊन विमान चुकले, तर प्रवाशास पुढील विमानात बसविण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. सांधा निखळल्यास भार वाहकावर पडतो, प्रवाशावर नाही.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे रेल्वेचे तिकीट वेगळे व विमानाचे वेगळे असते. यातील भेद प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे. एका आगगाडीतून दुसऱ्या आगगाडीत बदलणाऱ्या प्रवाशास १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने थोडे संरक्षण दिले आहे. दोन्ही तिकिटांवर प्रवाशाचा तपशील सारखा असून ती परस्परांशी जोडलेली असतील, आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी गाडी चुकली, तर न झालेल्या पुढील प्रवासाचे भाडे नियमानुसार परत मागता येते. परंतु हे संरक्षण आगगाडी ते आगगाडी एवढ्यापुरतेच आहे. आगगाडीच्या उशिरामुळे विमान चुकले, तर रेल्वे विमानाचे भाडे देत नाही आणि विमान कंपनीही ते देण्यास बांधील नाही.

दूध संकलनाच्या गाडीसारखीच ही गोष्ट आहे. बैलगाडीचे चाक मोडले म्हणून संकलनाची गाडी थांबत नाही. दूध ज्याचे, नुकसान त्याचे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विमान चुकले व भाडे बुडाले, तरी तिकिटात समाविष्ट असलेले सरकारी कर आणि विमानतळाचे प्रवासी शुल्क परत मागण्याचा अधिकार प्रवाशास आहे. ही रक्कम पुष्कळदा मागितलीच जात नाही. दौरा प्रमुखाने ती लेखी मागावी.

एक उदाहरण : कोल्हापूर ते कर्नाल

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा एक गट हरियाणात जाऊ इच्छितो, असे समजू. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था पाहावी आणि आसपासच्या गावांतील मुऱ्हा म्हशींची पारख करावी, असा त्यांचा हेतू आहे. म्हैस विकत घेण्यापूर्वी लागोपाठ दोन-तीन धारा समक्ष पाहाव्यात, असा आपला नेहमीचा सल्ला असतो. एक धार चुकवून कास भरलेली दाखविण्याचा प्रकार बाजारात घडतो, हे जाणत्या पशुपालकांस ठाऊकच आहे. म्हणून या दौऱ्यात किती धारा पाहावयास मिळतात, यावर हजारो रुपयांच्या खरेदीचा निर्णय अवलंबून आहे.

सर्व प्रवास आगगाडीने केल्यास मिरजेहून दिल्लीपर्यंत दोन रात्री व मधला एक दिवस लागतो. सोमवारी रात्री निघालेला गट बुधवारी सकाळी दिल्लीस उतरतो. तेथून कर्नाल सुमारे १२५ किलोमीटर आहे. तेथे पोहोचेपर्यंत बुधवारची सकाळची धार होऊन गेलेली असते. बुधवारची सायंकाळची व गुरुवारची पहाटेची अशा दोन धारा पाहून गट परत फिरला, तर शुक्रवारी रात्री मिरजेस पोहोचतो.

आता विमानाची जोड घेऊ. सोमवारी रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला गट मंगळवारी सकाळी मुंबईस उतरतो. त्याने दुपारचे विमान घेतले व रात्री दिल्लीतच मुक्काम केला, तर तो कर्नालला बुधवारी सकाळी उशिरा पोहोचेल. म्हणजे विमानाचे भाडे भरूनही नेमक्या त्याच वेळी, आणि वर मुक्कामाचा खर्च! विमान दोन तासांत पोहोचले खरे, पण सांधा चुकल्यामुळे वेळ वाचला नाही.

हाच सांधा पुण्यास घेऊन पाहू. तीच गाडी पहाटे पुण्यास येते. स्थानकापासून विमानतळ सुमारे १० किलोमीटरवर आहे. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराचे विमान घेतल्यास मध्ये सुमारे सहा तासांची सवड राहते. गाडीस दोन-तीन तास उशीर झाला तरी विमान मिळते. दुपारी एकच्या सुमारास दिल्लीस उतरल्यावर तिसऱ्या टर्मिनलपासून नवी दिल्ली रेल्वे स्थानकापर्यंत विमानतळ मेट्रोने सुमारे २० मिनिटे लागतात. ही मेट्रो २०११ पासून चालू आहे. तेथून दुपारनंतरच्या गाडीने मंगळवारी सायंकाळीच कर्नाल गाठता येते. मग बुधवारच्या दोन्ही व गुरुवारची पहाटेची अशा तीन धारा पाहता येतात आणि बुधवारचा सबंध दिवस संस्थेसाठी मोकळा राहतो. गुरुवारी धार पाहून सकाळच्या गाडीने दिल्ली, दुपारच्या विमानाने पुणे आणि तेथून एस. टी.ने रात्री कोल्हापूर. एक धार अधिक मिळाली व घरचा पूर्ण एक दिवस वाचला.

या दोन्ही योजनांत विमानाचा वेग तोच आहे. फरक केवळ सांध्याच्या जागेचा व वेळेचा आहे. गाड्यांची व विमानांची वेळापत्रके बदलत असतात. म्हणून वरील वेळा केवळ नमुना समजाव्यात आणि तिकीट काढण्यापूर्वी पडताळून पाहाव्यात.

मुंबईचा सांधाही आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व दादर येथून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांकडे जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. तरीही गर्दीच्या वेळी सामानासह जाणाऱ्या गटाने सवड राखूनच चालावे.

सांधा जुळवण्याचे नियम

१. रात्रभर चालणाऱ्या आगगाडीनंतर विमान असेल, तर मध्ये किमान सहा तास ठेवावेत. दिवसाच्या आखूड प्रवासानंतर चार तास पुरतात. पावसाळ्यात घाटमार्गावर व कोकणात, तसेच डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यात, ही सवड वाढवावी.

२. क्वचित सुटणारे वाहन आधी व वारंवार सुटणारे वाहन नंतर ठेवावे. वरील उदाहरणात परतीस विमानानंतर एस. टी. आहे, हे सहेतुक आहे. विमानास उशीर झाला तरी पुढची गाडी मिळते.

३. दिवसातील शेवटच्या गाडीवर किंवा शेवटच्या विमानावर सांधा बेतू नये. चुकल्यास मुक्काम अटळ होतो.

४. रेल्वेचे आरक्षण प्रवासापूर्वी ६० दिवस खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. प्रथम आगगाडीची जागा निश्चित करावी व मगच विमानाचे तिकीट घ्यावे. संगणकाद्वारे काढलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट तक्ता तयार झाल्यावर आपोआप रद्द होते; अशा तिकिटाच्या भरवशावर विमान घेणे धोक्याचे आहे.

५. रेल्वेच्या एका आरक्षण अर्जावर सहाच प्रवासी बसतात. २५ जणांच्या दौऱ्यासाठी पाच अर्ज लागतील, हे ध्यानात घेऊन यादी आधीच तयार ठेवावी.

६. तिकिटावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. गावात ओळखले जाणारे नाव तिकिटावर घालू नये.

७. विमानतळावरील नोंदणी बहुधा उड्डाणापूर्वी ६० मिनिटे बंद होते. नेमकी वेळ तिकिटावर पाहावी. देशांतर्गत विमानात साधारणतः १५ किलो सामान जमा करता येते व ७ किलो जवळ बाळगता येते. छाटणीची कात्री, विळा, चाकू अशी हत्यारे जवळच्या पिशवीत मुळीच नकोत. ती जमा करावयाच्या सामानातच ठेवावीत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

दौरा ठरल्यावर प्रथम संस्थेस पत्र पाठवून भेटीचा दिवस निश्चित करावा. त्यानंतर एका कागदावर प्रवासाचे टप्पे एकाखाली एक लिहावेत. प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये किती तासांची सवड आहे आणि पहिले वाहन चुकल्यास दुसरा उपाय कोणता, हे समोर नोंदवावे. ज्या सांध्यासमोर दुसरा उपाय लिहिता येत नाही, तो सांधा बदलावा. या कागदाची एक प्रत प्रत्येक सहभागी शेतकऱ्याच्या घरी द्यावी, म्हणजे धनी कोणत्या दिवशी परत येणार हे घरच्या मंडळींस कळेल व धारेची, वैरणीची आणि पाण्याच्या पाळीची व्यवस्था त्या बेताने करता येईल.

विमानाच्या जोडीने नेमके किती तास वाचतात, हे या कागदावरून तेथेच दिसून येईल. अर्धा दिवसही वाचत नसेल, तर विमानाचा खर्च करू नये; आगगाडीने जावे व तो पैसा जनावरांच्या खरेदीस राखून ठेवावा. एक दिवस व एक धार हाती लागत असेल, तर मात्र तो खर्च योग्य होय.